पुसलेला आठवडा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कामणच्या एका औषधांच्या गोदामात दोन कॉम्प्युटर आले आणि ते माझ्या ताब्यात होते. मुख्य फाइलमध्ये फक्त आजचा साठा दिसे. कुठला खोका कुठल्या दवाखान्याला गेला, हे लॉगमध्ये असे. लॉग फुगला की डिस्क भरे आणि मशीन अडून बसे. त्यावर साहेबांचा नियम होता: जुना लॉग फ्लॉपीवर उतरवायचा, फ्लॉपी दुसऱ्या मशीनवर वाचून बघायची, मगच मशीनवरचा लॉग पुसायचा. मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटे.

त्या सोमवारी मशीन अडलं. मी फ्लॉपी भरली, लेबल चिकटवलं. दुसऱ्या मशीनचं प्लास्टिकचं कव्हर काढा, पुन्हा घाला, कोण करत बसणार? मागचा अख्खा आठवडा मी पुसून टाकला.

मंगळवारी दुपारी कारखान्यातून फोन आला. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची एक बॅच बिघडली होती. जिथे गेली असेल तिथे थांबवायची होती. ती आमच्याकडे मागच्याच आठवड्यात आली होती आणि साठ्यात उरली नव्हती; चालू लॉगमध्येही तिचा नंबर नव्हता. म्हणजे माल मागच्या आठवड्यातच गेला होता. मी फ्लॉपी घातली. मशीन नुसतं घरघरलं. पुन्हा घातली, पुन्हा तेच.

"पुसण्याआधी वाचून बघितली होतीस ना?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. स्वतःचीच चीड आली, पण शब्द मागे घ्यायचा धीर झाला नाही.

माल पाठवल्याची चलनं मुंबईच्या कचेरीत गेली होती; ती मागवण्यात दोन दिवस गेले असते. तेवढ्यात मला कागद आठवले. दर शनिवारी आम्ही लॉग छापून तपासायचो आणि रद्दीत टाकायचो. ती रद्दी मी वटारला घरी न्यायची. आई ती चिकूच्या करंड्यांत थराथराला घालायची.

साहेबांनी स्कूटर काढली. मी मागे बसले. करंड्या बाजारासाठी बांधून ओटीवर तयार होत्या. मी दोऱ्या कापल्या तशी आई ओरडली, मग माझा चेहरा बघून तीही कागद झटकायला बसली. चिकाने चिकटलेलं एकेक पान साहेब बोट फिरवत वाचत होते. सगळी पानं संपली तेव्हा नंबर एकदाच सापडला होता: एक खोका, आचोळ्याचा दवाखाना.

तिथल्या कंपाउंडरने त्यातली एकच बाटली दिली होती, त्याच दिवशी सकाळी, मागच्या चाळीतल्या एका मुलीसाठी. आम्ही पोचलो तेव्हा बाटलीचं सील फुटलेलं होतं. शेजारी चमचा होता.

"झोपलीय अजून," मुलीची आई म्हणाली. "उठली की देणार होते."

मी बाटली उचलून घेतली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "साहेब, मी फ्लॉपी वाचली नव्हती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या मशीनच्या कव्हरवर शनिवारची धूळ तशीच आहे."