जपून ठेवलेले डोळे

“आधी ती फडकी सोडा.”

“राहू देत गं. पोरांनीच मागितली.”

“मागितली, की तुम्ही बांधलीत, वन्सं?”

पुढच्या गावची बस कधी सुटते ते विचारून मिरचीबाई परत आली, ती दारातच थबकली होती. खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले. पलंगावर तिची लेक आणि धाकटा भर दुपारी डोळे बांधून बसलेले. नणंद त्यांना संत्र्याच्या फोडी भरवत होती, जणू डोळ्यांबरोबर पोरांचे हातही गेले होते.

मिरचीबाई हे बाजाराने ठेवलेलं नाव. तिच्या शिलाईच्या दुकानात कपडा वेळेवर मिळे, फक्त ‘झाला का’ म्हणून विचारायची कुणाची छाती नव्हती. लेकीच्या डोळ्यांचं आधी तिलाच कळलं. दुकानात सांडलेल्या टाचण्या लेक वेचायची, एकही सुटायची नाही. मग पायाशी पडलेल्या टाचण्या तशाच राहू लागल्या. समोरचं दिसे, कडेचं नाही. दिवस मावळला की पोर भिंत धरून चाले. पाठोपाठ धाकट्याचंही तेच निघालं. डॉक्टर म्हणाले, नजर हळूहळू कमी होत जाईल, औषध नाही, आणि किती वर्षं दिसेल ते कुणीच सांगू शकत नाही.

त्याच दिवशी तिने मशीनवर खोळ घातली आणि नवऱ्याला म्हणाली, रजा टाका. दिसतंय तोवर पोरांना दाखवू. मग समुद्र झाला, डोंगर झाले. एका गावात तर धाकट्याच्या हट्टापायी सिमेंट कालवणारं यंत्र बघत चौघं अख्खी सकाळ रस्त्यात उभी होती.

नणंदेचं घर वाटेत लागलं म्हणून थांबले. मिरचीबाईचा नवरा वायरमन. बहिणीने आल्या आल्या त्याला स्टुलावर चढवून घरची सगळी बिघडलेली बटणं दाखवली होती; आत्ताही तो याच खोलीत स्टुलावर होता. आईमागे तिनेच त्याला वाढवला; तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

नणंदेचं म्हणणं असं, की डोळ्यांत आहे तेवढंच आहे. ते दगडधोंडे बघण्यात कशाला उधळायचं? पोरं इथे सावलीत राहू देत, पुढची भटकंती बंद करा.

“आई, अगं खरंच आहे ते,” लेक फडक्याआडून समजुतीने म्हणाली. “खोलीत कुणी नसलं की बाबा दिवा घालवतात ना, तसंच. काल बागेतही मी डोळे मिटूनच होते. तेवढेच वाचले.”

“मी कारंजं दाखवत होते तेव्हा?”

“हो.”

“मग ‘किती उंच’ म्हणालीस ते?”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

मिरचीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र खाली आला, आणि तिला ओळखणाऱ्यांना हेच जास्त भयंकर वाटे.

“डॉक्टरांनी बजावून सांगितलंय वन्सं, बघितल्याने डोळे झिजत नाहीत, आणि झाकल्याने उरत नाहीत. पोरीचा दिसणारा एक दिवस तुम्ही घालवलात.”

“मी काय वैरीण आहे त्यांची?”

“असतात तर बरं झालं असतं. वैरिणीचं पोरांनी ऐकलं नसतं.”

नणंदेने डोळ्यांना पदर लावला आणि स्टुलाकडे वळली. “ऐकतोयस ना? तुझ्यादेखत बोलतेय मला. आता तूच सांग, पोरं इथे राहणार की नाही?”

नवरा उघड्या बटणांसमोर पाठमोराच होता. मिरचीबाईला त्याची मान तेवढी दिसत होती, आणि ती मान आजवर या घरात एकाच दिशेने हललेली तिने पाहिली होती.

तो खाली उतरला. पक्कड खिशात घातली. लेकीच्या फडक्याची गाठ सोडली, मग धाकट्याची. दोघांच्या डोक्यावर उन्हाच्या टोप्या बसवल्या.

“अरे, मी काय विचारतेय?” बहीण म्हणाली.

त्याने धाकट्याला कडेवर घेतलं, लेकीचा हात धरला आणि तो दाराबाहेर पडला.