अंश पाडणारी

क्षितिज आणि तारा यांमधला कोन मोजायचं सेक्स्टंट नावाचं पितळी यंत्र जहाजावर जाई, तेव्हा त्यावर नाव असे ते कारखान्याच्या मालकाचं. त्याच्या कमानीवरचे अंश, म्हणजे कोन मोजायच्या बारीक रेघा, मात्र माडीवरच्या खोलीत बसून एक बाई पाडत असे. इथं केसभर चुकलं की समुद्रात कोसभर चुकतं, हे तिनं इतक्यांदा ऐकवलं होतं की सगळा कारखाना तिला केसभरबाईच म्हणे. ती चिडत नसे. उलट तोऱ्यात चाले, आणि का चालू नये?

त्या खोलीत दुसऱ्या कुणाला मज्जाव होता. शेजारी माणूस नुसतं उभं राहिलं तरी त्याच्या अंगच्या उबेनं पितळ वाढतं, मग आधीच्या रेघा नंतरच्या रेघांशी जुळत नाहीत. म्हणून खिडक्या बंद, शेगडी नाही, आणि कमान एकदा हाती घेतली की पुरी होईपर्यंत दार उघडायचं नाही. घर पेटलं तरी दार वाजवायचं नाही, असं लेकीला लहानपणीच बजावलेलं. लेक गुणाची, तिनं कधी वाजवलं नाही.

नवरा त्याच कारखान्यातला ओतारी. माडीखालच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. मी ओततो आणि ही ओरखडे काढते, असं चारचौघांत सांगून तो हसायचा. भट्टीच्या धुरानं त्याची छाती पार पोखरली, आणि त्या हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं.

एके सकाळी तो म्हणाला, "आज नको जाऊस वर."

तिनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. जहाज चार दिवसांत सुटायचं होतं, आणि वर वाट बघत होती ती त्यानंच आजारी पडण्याआधी ओतलेली शेवटची कमान.

"दुपारपर्यंत येते की," म्हणाली आणि गेली.

सत्तर अंशांच्या पुढं कुठंतरी दार वाजलं. एकदाच, तेही अगदी हळू. तिनं ऐकलं. ऐकू आलंच नाही, असं खोटं ती पुढं कधीही बोलली नाही. निकडीचं असेल तर पोर पुन्हा वाजवेल, असं तिला वाटलं. बाहेर लेकीला वाटलं, आईनं ऐकलंय, आता येईलच. ती पाय न वाजवता खाली जाऊन बापाजवळ बसली.

शेवटची रेघ ओढून आई खाली उतरली, तेव्हा लेकीनं बापाचे डोळे मिटले होते.

"दोनदा विचारलं त्यांनी, आली का म्हणून," लेक म्हणाली. ती रागावली असती तर आईला सोसलं असतं.

त्याला पोचवून आल्यावर ती वर गेली आणि या खेपेला दार सताड उघडं टाकलं. भिंग घेऊन सत्तरपासूनची एकेक रेघ तपासू लागली. लेक मागोमाग येऊन उंबऱ्यावरच थांबली. काय शोधतेस, असं तिनं विचारलं.

"दार वाजलं तेव्हा हात थोडा तरी हलला असेल ना गं," आई म्हणाली. "तेवढी एक वाकडी रेघ सापडू दे."

एकशेवीसपर्यंत तिनं दोनदा पाहिलं. मग तुझे डोळे तरुण आहेत, तू बघ, म्हणून लेकीला आत बोलावलं आणि भिंग तिच्या हाती दिलं. लेकीनं बराच वेळ पाहिलं. सगळ्या रेघा सरळ होत्या.