बॅटरी सुटल्यावर फिरलेल्या मोटारी

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. मी इलेक्ट्रिकलचा माणूस. सर्किट तुटलं की करंट थांबतो, एवढं मला पक्कं कळतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. कारण त्या दिवशी सर्किट तुटलं होतं, मी स्वतः तोडलं होतं, आणि तरीही...

असो. सुरुवातीपासून सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी उदय, सांगलीचा, कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्ट पार्टनर संजय, वडूजजवळच्या एका खेड्यातला. त्याचे वडील, आप्पा, शाळामास्तर. बौद्ध कुटुंब, घरात बुद्धांचा फोटो आणि पुस्तकांचं कपाट. देव-देवस्की, नवस-सायास या गोष्टींना त्या घरात जागाच नव्हती.

आम्ही पाण्याखाली जाणारं एक यंत्र बनवत होतो. पीव्हीसी पाइपचा सांगाडा, पुढं काचेमागं बंद केलेला ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा, आणि वरून वायरीनं चालवायच्या तीन मोटारी. दोन बाजूंच्या पुढं-मागं जायला, मधली खाली-वर करायला. बाकी सगळं जमलं, पण मोटारींनी जीव खाल्ला. आधी जीपच्या वायपरच्या मोटारी लावल्या. ताकद भरपूर, पण इतक्या संथ फिरायच्या की यंत्र हौदात जागचं हलेना. मग रेडिएटरच्या पंख्याची मोटार आणली, तर ती बॅटरीच पिऊन टाकायची. टेपरेकॉर्डरच्या मोटारीला पाण्यात पंखा फिरवायचा दमच नव्हता. शेवटी सांगलीच्या जुन्या बाजारात गाड्यांची काच धुणाऱ्या पंपाच्या बारा व्होल्टच्या मोटारी मिळाल्या. छोट्या, वेगवान, करंट बेताचा. प्रत्येक मोटार फोटोच्या रोलच्या डबीत बसवली, भोवती मेण ओतलं, दांड्याच्या भोकाशी ग्रीस भरलं आणि पत्र्याचे पंखे कापून लावले. हौदात यंत्र माशासारखं फिरलं. संजय तर नाचलाच.

त्याच उन्हाळ्यात संजयच्या गावच्या पिण्याच्या विहिरीचा पंप पाणी ओढेनासा झाला. खाली पाइपच्या तोंडाशी बसवलेला फूटव्हॉल्व्ह (तिकडं सगळे 'फुटबॉल' म्हणतात) गाळात रुतला असावा, असा अंदाज होता. संजयचा थोरला भाऊ मिलिंद मिलिटरीत, तेव्हा रजेवर आलेला. पोहण्यात पटाईत. तो बुडी मारून बघणार होता. आप्पा म्हणाले, आधी तुमचं यंत्र सोडा, मग माणूस उतरू दे.

दुपारची वेळ. लख्ख ऊन. काठावर बॅटरी, स्विचबोर्ड आणि छोटा टीव्ही मांडला. कॅमेऱ्याची बॅटरी वेगळी होती, हे लक्षात ठेवा. यंत्र खाली गेलं. टीव्हीवर दगडी बांधकाम, शेवाळ, मग पंपाचा पाइप दिसला. फूटव्हॉल्व्ह खरंच गाळात होता. पोरंटोरं, बाया सगळे टीव्हीभोवती गोळा झालेले. आणि तेवढ्यात उजवी मोटार बंद पडली. यंत्र गोल फिरलं, वायर पाइपला अडकली. मग डावीही गेली. मधली मोटार चालू केली, काही नाही. वायर ओढली, तर ढिम्म.

मिलिंद म्हणाला, मी काढतो. कमरेला दोर बांधून तो पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. पाण्यात माणूस आहे म्हणून मी बॅटरीचे दोन्ही क्लिप काढून हातात धरले. हे मला अगदी स्पष्ट आठवतं. लाल क्लिप एका हातात, काळा दुसऱ्या.

आणि टीव्हीवरचं चित्र हललं.

आधी गाळ उडाला. मग पाइप बाजूला सरकला. मग भिंत खाली खाली जायला लागली, म्हणजे यंत्र वर येत होतं. मला वाटलं, वायर सुटली असेल, तरंगत येत असेल. पण वर आल्यावर ते थांबलं नाही. ते सरळ मिलिंदकडं गेलं. तो छातीएवढ्या पाण्यात होता, बुडी मारायच्या तयारीत.

"आरं, बंद कर की," मिलिंद खालून म्हणाला. "ढकलतंय मला."

"बंदच आहे," मी म्हणालो. "क्लिप माझ्या हातात आहेत."

"मग पंखा कसा फिरतोय?"

त्यानं हातानं यंत्र बाजूला सारायचा प्रयत्न केला, तर पत्र्याच्या पात्यानं त्याचा तळवा कापला. पाण्यात रक्ताचा धागा दिसला. यंत्र परत त्याच्या छातीवर. वैतागून तो एकेक पायरी मागं सरत वर आला. आणि तो पूर्ण बाहेर आला न आला, तोच पाइपच्या वरचं दगडी बांधकाम धडाधडा पाण्यात कोसळलं. तो बुडी मारणार होता, नेमकं तिथंच.

यंत्र पाण्यावर कडेला पडून होतं. पंखे थांबलेले.

संध्याकाळी आप्पांच्या ओसरीवर मोटारी उघडल्या. दोन्ही बाजूंच्या डब्यांत पाणी शिरलेलं, वाइंडिंग जळून काळं. मधल्या मोटारीची आतली तार तुटलेली. तिन्हींचा दांडा हातानंसुद्धा फिरेना. आप्पांनी एकेक मोटार हातात घेऊन स्वतः दांडा फिरवून बघितला.

गावातल्या बाया म्हणाल्या, विहिरीत आसरा हायत, पाण्यातल्या देव्या, त्यांनी राखलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीला ओटी भरली. आप्पांनी त्यांना अडवलं नाही, पण स्वतः गेलेही नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मी पोरांना रोज सांगतो, कारणाशिवाय काही घडत नाही. याचंही कारण असणार. पण मला ते सापडत नाही."

मलाही नाही. पुढं नोकरीत मी असंख्य मोटारी हाताळल्या, ओळखीच्या तज्ज्ञांना हा किस्सा सांगितला. कुणी म्हणतं मिलिंदच्या दोरानं यंत्र ओढलं गेलं, कुणी म्हणतं दगड निसटताना पाणी ढवळलं गेलं. पण मग पात्यानं तळवा कसा कापला, हे त्यातल्या कशानंच सुटत नाही.

मिलिंद आता रिटायर होऊन गावीच असतो. मध्यंतरी भेटलो तेव्हा मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, त्या वेळी भीती वाटली का?

"न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच चालवतोयस. वरनं भिंत हाललेली तुला दिसली, म्हणून मला हाकलतोयस." मग म्हणाला, "आजूनबी मला तसंच वाटतं, गड्या. मी पोरांना तसंच सांगितलंय. उदयकाकानं वाचवलं म्हणून."

मी त्याला परत सांगितलं की मी नव्हतो, क्लिप माझ्या हातात होते. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. त्याची नात बाहेर आली आणि माझ्या पाया पडली.