जाळ्याखालचे जेवण

रविवार, २४ डिसेंबर १९६७. स्थळ: केळवे. हजर: भगिनी मंडळाच्या अध्यक्षा दातारबाई, सात सभासद भगिनी, चिटणीस म्हणून मी, आणि नवापूरची हिरूबाई. गैरहजर: खजिनदारबाई, मुलाला गोवर. बाकी कोणीही गैरहजर नव्हते, कारण जेवण फुकट होते.

हिरूबाई मंडळाची सभासद नव्हती. पण व्हॅनमध्ये जागा दहा होत्या आणि मोकळी जागा मला बघवत नाही. सकाळी ती मासळीची टोपली रिकामी करून माझ्या ओट्यावर बसली होती, मी तिचे नाव यादीत लिहून टाकले. मंडळाच्या वहीत तिच्या नावापुढे 'पाहुणी' असा शब्द आहे. दातारबाईंनी तो नंतर खोडायला सांगितला. मी अजून खोडलेला नाही.

तेव्हा आम्ही बोईसरला क्वार्टर्समध्ये राहत होतो. पलीकडे तारापूरला साऱ्या देशाला उजेड देणारा प्लँट उभा राहत होता आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी दिवे जात होते. हिरूबाई नवापूरहून मासळी घेऊन यायची, पण ती मासळी विकायची असे म्हणणे बरोबर नाही. ती मासळी सुयोग्य स्थळी द्यायची. पहिल्या दिवशी टोपली दारात ठेवून ती मला ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली. पाटा पाहिला, तेलाच्या बरणीचे झाकण काढून वास घेतला, तवा उलटा करून पाहिला. मग मला विचारले, हलवा मासा घेतलास तर त्याचे काय करणार. मी तळणार म्हणाले. मसाला आधी किती वेळ लावून ठेवणार, हे विचारले. माझ्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. पहिला महिनाभर तिने मला फक्त स्वस्तातली मांदेली दिली.

"मासा मेला म्हनून त्याची इज्जत नाय गेली, बाय," असे ती म्हणायची. शेजारच्या एका बाईंना तिने बोंबील द्यायचे कायमचे बंद केले, कारण त्यांनी त्यात बटाटा घातला होता. दातारबाई मागच्या दाराने 'मांजरासाठी' पापलेट घेत. त्यांच्याकडे मांजर नव्हते. हिरूबाई तेवढ्याच गंभीरपणे मांजराला कोकम चालते का, असे विचारून जायची.

अशा माणसाचा एकच दोष असतो. आपण चुकू शकतो हे त्याला सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना हिरूबाईच्या पडवीतून तिचे जाळे नाहीसे झाले होते. तिने एका सकाळीत तपास केला, निकाल दिला आणि शिक्षाही ठोठावली. चोर शेजारचा भिवा. पुरावा असा, की आदल्या दिवशी तो पडवीत विडी पेटवायला आला होता. हे तिने भर आळीत, हात कमरेवर ठेवून सांगितले. जाळे चोरणाऱ्याला कोणता तांडेल आपल्या होडीवर घेईल? भिवाला कोणी घेतले नाही. चाळिशी उलटलेला तो माणूस प्लँटवर सिमेंटची घमेली वाहायला लागला. त्याची बायको सुंदरी आणि हिरूबाई एकाच वर्षी लग्न होऊन नवापुरात आल्या होत्या, जोडीने टोपल्या घेऊन बोईसरला यायच्या. आता एक सालवडच्या बाजूने यायची आणि दुसरी स्टेशनच्या बाजूने. हिरूबाईने हे मला स्वतःच सांगितले होते, आणि सांगताना तिला जराही शंका नव्हती.

जाळे गेल्यानंतर तिच्या घरात एक चांगली गोष्टही घडली होती. नवरा लखमा याला मुंबईच्या मावसभावाने एक रेडिओ भेट दिला. जुना होता, पण आळीतला पहिलाच. मावसभावाचे तिला फार कौतुक.

तर केळव्याचे हॉटेल. नाव देत नाही, उगाच जाहिरात नको. मुंबईच्या कोणा शेठने नारळी-पोफळीची वाडी घेऊन तिथे 'अस्सल कोळीवाडा' उभारला होता. मुंबईकरांनी शनिवार-रविवार येऊन मच्छीमाराच्या झोपडीत राहावे, अशी कल्पना. झोपड्यांना पंखे होते. दारांवर 'सुरमई', 'रावस', 'कोलंबी' अशी नावे होती. वेटरांना लाल टोप्या आणि कमरेला रुमाल दिले होते, पण मॅनेजरला लाज वाटल्यामुळे आत पँट ठेवली होती. त्यात प्लँटवरच्या परदेशी इंजिनियरांसाठी नाताळची सजावट. सुरूचे एक झाड बादलीत उभे करून त्यावर गादीतला कापूस पसरला होता. त्याला बर्फ म्हणायचे होते. त्या दिवशी घाम निथळत होता. तोच कापूस हनुवटीला लावून आचारी दाराशी लाल झग्यात उभा होता आणि दर थोड्या वेळाने दाढी सोडून रस्सा ढवळायला जात होता. महिला मंडळांना फुकट जेवू घातले की बायका घरी जाऊन इथे येण्यासाठी नवऱ्यांचे डोके खातील, असा मॅनेजरचा हिशेब असावा. हिशेब चुकीचा नव्हता.

दारातच त्याने हिरूबाईला पाहिले आणि आनंदाने म्हणाला, तू पाठीमागून ये, टोपली घेऊन इथे बाजूला उभी राहा, फोटो छान येतील. मी त्याला यादी दाखवली. दहाव्या क्रमांकावर बोट ठेवले. त्याने माफी मागितली, आणि हिरूबाईने ती ऐकूनही न घेता स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारले.

तिथे ती किती वेळ होती कोण जाणे. परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मासळी बर्फात हाय. मुंबईसून आलेली." समोर समुद्र दिसत होता. दातारबाई पापलेटला फार चविष्ट म्हणत होत्या; त्या दिवशी मांजराचा विषय निघाला नाही. हिरूबाईने त्या पापलेटच्या डोळ्यात बघितले. "ह्यो माज्यापेक्षा जास्त फिरलेला हाय," ती म्हणाली.

मग तिने वर पाहिले.

छताला, आमच्या टेबलाच्या बरोबर वर, एक जाळे पसरून टांगले होते. त्यात चांदीच्या कागदाचे तारे, फुगे आणि पुन्हा तोच कापूस अडकवला होता. हिरूबाई उठली, खुर्चीवर चढली. सात भगिनींनी एकमेकींकडे पाहिले. तिने एक फुगा बाजूला केला आणि जाळ्याचा एक कोपरा बोटांनी चाचपला. जुने, झाडाच्या सालीच्या पाण्यात रंगवलेले सुती जाळे, आणि त्यात ओंजळभर जागा पांढऱ्या नायलॉनने विणलेली. खाली उतरून ती मला हळूच म्हणाली, "बाय, हा फाटलेला कोना मी सांधलेला हाय. सूत संपला म्हनून नायलॉन घातला. इचार त्याला, कोनाकडून आनला."

मी मॅनेजरला बोलावले. तो खूश झाला. सजावटीत रस घेणारा पाहुणा त्याला पहिल्यांदाच भेटला होता. अस्सल माल आहे, तो म्हणाला, नवापूरच्या एका कोळ्याकडून स्वतः जाऊन आणला. तो पैसे नको म्हणाला, म्हणून त्याला माझा जुना रेडिओ दिला.

हिरूबाई जेवत राहिली. मी तिला इतके सावकाश जेवताना कधी पाहिले नव्हते. तिने सगळा पापलेट संपवला, तो फिरलेला पापलेट, काट्यापर्यंत.

मला तोंडी माहितीवर भरवसा नाही. सजावटीच्या सामानाची यादी असेलच, ती दाखवा, असे मी मॅनेजरला म्हटले. होती. जुनी वल्ही, मातीचे दिवे, आणि 'जाळे एक, लखमा, नवापूर'. मी तेवढा मजकूर कागदावर उतरवून त्याची सही घेतली. त्याला वाटले, आम्हीही मंडळासाठी एक घेणार आहोत.

 परतीच्या वाटेवर पालघरपर्यंत दातारबाई कापसाच्या बर्फाबद्दल बोलत होत्या. पालघर सोडल्यावर हिरूबाईने कागद मागितला, वाचता येत नसताना नीट पाहिला आणि मला परत दिला.

दुसऱ्या दिवशी ती नवापुरात भिवाच्या दारात गेली. आळी जमली होती. तिने सांगितले, माझा आळ खोटा होता, जाळे भिवाने नेले नाही. मग कोणी नेले, असे लोकांनी विचारले. ते मला ठाऊक नाही, ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी ठाऊक नसल्याचे सांगितले, त्यामुळे कोणाचा विश्वास बसला नाही. वयाने बाई मऊ झाली, शेजाऱ्याची दया आली, असे लोक म्हणाले. सुंदरी मात्र दाराआडून ऐकून बाहेर आली आणि तिने हिरूबाईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दोघी पुन्हा जोडीने यायला लागल्या. भिवाला मात्र होडीवर कोणी घेतले नाही. चोर सापडल्याशिवाय चोरी कशी मिटणार.

मी तिला सरळ सांगितले की हा अर्धा न्याय झाला. कागद माझ्याकडे आहे, मी येते आणि वाचून दाखवते.

ती ओट्यावर बसली होती. "लखमाचं नाव घेतलं तर उद्या त्याला होडीवर कोन घेईल? पोरगा पन त्याच होडीवर हाय. घरातला चोर म्हनून पोराला पन उतरवतील." मग म्हणाली, "तू लिवनारी हायस. कागद ठेव. लखमा गेला की नवापुरात ये आनि मोठ्यानं वाच. भिवाच्या दारात वाच. तवर मी खोटी तर मी खोटी."

मी तिला विचारले, रेडिओचे काय केलेस. चालू हाय, ती म्हणाली, लखमा ऐकतो, मी त्या टायमाला भायेर जाते.

त्यानंतरही ती माझ्या स्वयंपाकघरात यायची, तवा उलटा करून पाहायची. पण पहिल्यासारखे निकाल देत नसे. एकदा मी पापलेटला मसाला कमी लावला, तर म्हणाली, तुज्या घरी कसा लागतो मला काय म्हाईत, बाय. हे ऐकून मला वाईट वाटले. तिचे चुकणे मला पटत होते, तिचे सौम्य होणे पटत नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. लखमाच्या आधी. हे यादीत नव्हते.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. इथे मी सगळ्यांची नावे बदलली आहेत, पापलेटचे सोडून. आणि नवापुरात मी लिहिलेले कोणी वाचत नाही, याची मला खात्री आहे. दर वर्षी नव्या डायरीत जुन्या डायरीतली राहिलेली कामे उतरवताना 'नवापूर, कागद वाचणे' हे मी पहिल्या पानावर लिहिते. मुलगा आता स्वतःच्या होडीचा तांडेल आहे, त्याला कोणी उतरवू शकत नाही, तेव्हा वाचून टाकावे असे मनात येते. पण तिने अट घातली होती ती लखमाच्या जिवाची, आणि लखमाची तब्येत उत्तम आहे.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन पाहून आले. लखमा उन्हात बसून सुका बोंबील चावत होता. दात सगळे शाबूत. मला बघून त्याने प्रेमाने विचारले की बायको गेल्यावर तुम्हाला मासळी कोण देते. तिथून मी भिवाच्या अंगणात गेले. तो खाटेवर होता. सिमेंटच्या त्या वर्षांचा खोकला त्याला आता बसू देत नाही. सुंदरीने मला पाट दिला.

"काय काम होतं, बाय?" भिवाने विचारले.

काम आहे, मी म्हटले, पण अजून थोडे थांबावे लागेल.