रांगेच्या शेपटापासून

मी ट्रक मोजायची नोकरी केली आहे. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं, बी.ए. होऊन दोन वर्षं मी घरी बसले होते, आणि नागपूरच्या एका सरकारी कार्यालयाने मला सहा महिन्यांच्या आदेशावर गणक म्हणून घेतलं. राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर मालाचे ट्रक किती वेळ अडकतात, ते रोज लिहायचं. काम नीट केलं तर कायम करू, असं साहेब म्हणाले होते. आमच्या सक्करदऱ्याच्या घरात तोवर कोणीच कुठे कायम नव्हतं. वडील गिरणीत बदली कामगार होते. पाळी मिळाली तर काम, नाहीतर डबा घेऊन परत. त्यामुळे 'कायम' हा शब्द आई देवाधर्माचा असावा तसा हळू आवाजात उच्चारायची.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः काम समजावायला आले. आमची जीप रांगेच्या बाजूने, उलट्या अंगाने, थेट नाक्याच्या खिडकीपाशी जाऊन थांबली. "ट्रक खिडकीशी आला की कारकून वेळ लिहितो. ती झाली आगमनाची वेळ. सोडला की सुटकेची. दोन्ही उतरवून घ्यायच्या, बस," साहेब म्हणाले आणि चहा पिऊन परतले. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते, जीपमधून ट्रक हाकणं त्या दिवशी पाहिलं. पण तेव्हा मला ते कळलं नाही. मी दोन दिवस मुकाट्याने उतरवत राहिले. दहा मिनिटं, बारा मिनिटं, पुन्हा दहा. मला वाटलं, वा, काय झटपट नाका आहे!

नाक्यावर बाईमाणसाची सोय नव्हती. ढाबा होता तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला, आणि ढाबेवाल्याच्या घरच्या बायका मला आत येऊ देत. तिसऱ्या दिवशी मी तिकडे निघाले तर रांग संपेचना. कोणी ट्रकच्या सावलीत वरण शिजवत होतं. कोणी आरशाचा तुकडा मडगार्डवर टेकवून दाढी करत होतं. एकाने धुतलेलं धोतर दोन ट्रकच्या मध्ये दोरीवर वाळत घातलं होतं आणि ते चांगलं कडकडीत वाळलेलं होतं. दहा मिनिटांत धोतर वाळत नाही, एवढं कळायला बी.ए. लागत नाही.

माझं डोकंच फिरलं. ढाब्यावरून परत येताना मी स्टूल मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून रांगेच्या शेपटाशी बसायला लागले. ट्रक येऊन थांबला की त्याचा नंबर आणि वेळ लिहायची. सुटकेची वेळ तेवढी संध्याकाळी नाक्याच्या वहीतून घ्यायची. आणि मग खरा प्रकार दिसू लागला. उशीर होतो ही बातमी नव्हतीच. सोमवारी तासाभरात सुटणारी गाडी बुधवारी रात्रभर तिथेच असायची. सकाळी मी पोहोचले की कालचे ओळखीचे नंबर तसेच उभे. त्याला ना वार, ना वेळ, ना धरबंध.

संत्री घेऊन जाणारा एक वयस्क ड्रायव्हर होता. इतवारीतल्या एका मालकाची गाडी चालवायचा. एकदा तो माझ्या स्टुलाजवळ येऊन उकिडवा बसला.

"बाई, मले एक चिठ्ठी लिहून द्या जी."

"कसली चिठ्ठी?"

"गाडी कव्हा लागली रांगेत, तेवढंच. मालक पावतीवर नाक्याचा शिक्का न् येळ पाह्यते न् म्हनते, दहा मिनटात सुटला तं मंग रातभर कुठं झोपून राहिला होता? संत्री सडली का दोष माह्यावर. आता म्हनते, गाडीच काढून घेतो."

"रोज इतकाच वेळ लागतो असं सांगा ना त्यांना."

"रोज लागला असता तं सांगतलं असतं. कव्हा लागते न् कव्हा नाही, हेच तं नाही सांगता येत."

मी चिठ्ठी लिहिली. गाडी नंबर, रांगेत लागल्याची वेळ, खाली माझी सही. नियमात बसत होतं का? नसेल. मग दुसऱ्याने मागितली, तिसऱ्याने मागितली. मालक मंडळी त्या चिठ्ठ्या घेऊन नाक्यावर जाब विचारायला गेली, आणि नाक्यावरून साहेबांना फोन गेला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी वडिलांची तब्येत विचारली, मग उन्हाळा यंदा फार आहे म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालतं, तेही मोजावं असं मला वाटलं.

"कायमच्या यादीत तुमचं नाव वर आहे," शेवटी ते म्हणाले. "एवढंच लिहून द्या, की चिठ्ठ्या नजरचुकीने दिल्या, त्यातल्या वेळा खऱ्या धरू नयेत. आणि आगमनाचा रकाना वहीप्रमाणे दुरुस्त करा. उद्यापर्यंत."

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "देऊन टाक वं लिहून. कागदच तं हाय." वडिलांनी विचारलं, "काहून वं, चिठ्ठ्या खोट्या होत्या का?"

"नाही बाबा."

"मंग सही तुही हाय. दुसऱ्याच्या घड्याळावर काहून करशीन?"

पुढचं आधीच सांगून टाकते: मला कायम केलं नाही. महिनाअखेरीस आदेश संपला, तो वाढला नाही. आई रडली, आणि तिला रडताना पाहून मीही रडले. वाईट खूप वाटलं. लाज मात्र एक क्षणही वाटली नाही.

पण त्याआधीचा तो दुसरा दिवस. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलेच नाही. रात्री निवेदन लिहिलं होतं: मी दिलेली प्रत्येक चिठ्ठी खरी आहे. खाली सगळे नंबर आणि सगळ्या वेळा. सहा महिन्यांत मी एक गोष्ट पक्की शिकले होते. साहेबांच्या हातात दिलेला कागद हरवू शकतो. आवक क्रमांक पडलेला कागद फाडायची हिंमत त्या कार्यालयात कोणाला नव्हती. म्हणून मी दोन प्रती घेऊन आवक खिडकीशी गेले. एक फायलीला, दुसरी शिक्क्यासकट इतवारीतल्या त्या मालकाला दाखवायला. ती मालकाने वाचली आणि गाडी म्हाताऱ्याकडेच राहिली.

खिडकीवरचा कारकून जेवायला गेला होता. मी उभी राहिले. माझ्यामागे आणखी चौघं येऊन उभे राहिले. कारकून आला, त्याने सावकाश पान लावलं, निवेदनावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि वेळ लिहिली, एक चाळीस.

मी त्याचंच पेन मागून घेतलं आणि दोन्ही प्रतींवर त्याच्या वेळेखाली लिहिलं: "रांगेत उभी राहिले, बारा दहा." पुढे सही केली.

"हे काय लिहून राहिल्या, बाई?" त्याने विचारलं.

"आगमनाची वेळ," मी म्हटलं आणि माझी प्रत उचलली.