पूजेला मांडलेला फोन

यशोधरा वलवणची. धरणाच्या खालच्या अंगाला वाढलेली, त्यामुळं भोंगा वाजला की आधी नदीच्या पात्राबाहेर पळायचं आणि मग विचारायचं, ही सवय अंगात मुरलेली. वराळ्याच्या कारखान्यात ती बिलं टाइप करायला लागली आणि शिकत शिकत आयटी विभागाची प्रमुख झाली. विभाग म्हणजे ती आणि तिची खुर्ची! पण गाड्यांच्या कंपन्यांनी विश्वासानं दिलेली सुट्या भागांची सगळी ड्रॉइंग क्लाऊडवर तिच्याच राखणीत होती. ती फुटली तर ऑर्डरी जाणार आणि वराळ्यातल्या कितीतरी चुली थंडावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मालक अंबाजीआबांना मात्र क्लाऊड म्हणजे आभाळातली वखार वाटायची. बाकी सगळ्यांच्या खात्यांना बंधनं, आबांचं खातं मात्र सगळ्या अधिकारांनिशी मोकाट. "मालकालाच दावं बांधती व्हय गं?" म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं होतं. कुणालाही वेसण घालता येते, पगार देणाऱ्याला नाही.

खंडेनवमीच्या दुपारी यंत्रांना झेंडू वाहून कामगार घरी गेले आणि तिच्या कॉम्प्युटरवर इशारा आला. आबांच्या खात्यातून कुणीतरी भराभर ड्रॉइंग उतरवून घेत होतं आणि मागं उरलेल्या मूळ प्रती पुसत होतं. आबांना तर साधा फोटो पाठवायला सून लागते! ते खातं आवरायचं तर आबांच्याच फोनवरून होकार लागायचा. तिनं फोन लावला, पुन्हा लावला, कुणी उचलेना. मग तिनं स्कूटर काढली आणि इंदुरीला आबांचं घर गाठलं.

देवघरात कोयता, विळा, पहार, ट्रॅक्टरची किल्ली. मधोमध हळदकुंकू लावलेला फोन.

"आबा, फोन द्या. आपल्या क्लाऊडमध्ये चोर शिरलाय."

"खंडेनवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्यालाच उचलायचं. आमच्यात रीत मोडत न्हाईत."

"चोराला आत घ्यायचा होकार ह्याच फोनवरून गेलाय, आबा. कुणी दिला?"

आबांची बायको रतनबाई पदर सावरत पुढं आली. "सारखं गुरगुरत व्हतं मेलं, आरतीच्या मधी. व्हय का न्हाई इचारत व्हतं. उचलायचं तर नव्हतं, म्हनून नुस्तं बोट लावून व्हय केलं. सणाच्या दिशी न्हाई कशाला म्हनायचं?"

एरवी यशोधरा खो खो हसली असती. आत्ता तिला रडू येत होतं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, आणि दळणारे वर आरती म्हणतायत!

आबा जागचे हलेनात. यशोधरानं देवघराच्या उंबऱ्याकडं पाहिलं. ती बौद्ध घरातली. तिच्या घरी ही पूजा नाही, आणि या घरात तिचा चहा कायम ओसरीवरच झालेला. आपण हात लावला तर काय होईल, याची तिला भीती वाटली. तरी ती आत गेली आणि तिनं फोन उचलला.

बोटांना कुंकू लागलं. तिनं खात्यातून सगळ्यांना बाहेर काढलं, पासवर्ड बदलला. चोर हुसकावला गेला. बरीच ड्रॉइंग वाचली. गेलेल्या ड्रॉइंगचं कंपन्यांना स्वतःहून सांगावं लागणार होतं.

ती फोन जागेवर ठेवायला वाकली, तशी रतनबाई घाईनं म्हणाली, "तितं नगं गं. टेबलावर ठेव."

फोन अवेळी उचलला म्हणून, की तिनं उचलला म्हणून? यशोधराला ते लागलं, चांगलंच लागलं.

"बरं झालं आलीस," आबा म्हणाले. "बाकीचं उद्या पूजा उठल्यावर बघू."

"उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे, आबा. मी येणार नाही." फोन तिच्या हातातच होता. "तुमच्या खात्याचे अधिकार मी आत्ताच काढते."

"अन् मी न्हाई म्हणलो तर?"

"तर उद्यापासून राखणीला दुसरं कुणी बघा."

आबांनी तिच्या कुंकू लागलेल्या बोटांकडं पाहिलं.

"काढ," ते म्हणाले.

आणि देवघरात, उभ्यानंच, तिनं मालकाचे अधिकार एकेक करून काढून घेतले.