गोवराची सुई

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही बीड बायपासच्या पलीकडं, नव्या प्लॉटिंगमध्ये दोन खोल्या बांधून राहायला गेलो. नळ आलेला नव्हता. टँकर यायचा, पण कधी येईल ते सांगता यायचं नाही. मी वाळूजला कंपनीत पाळीवर गेलो की बायको दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन ड्रमपाशी उभी राहायची. टँकरचा पाइप सुटला की मुलगा कानांवर हात दाबून किंचाळायचा. त्याला येत होते ते मोजके शब्दही त्याच सुमारास बंद झाले होते.

शहरातल्या डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं. गोळ्या-औषधांनी जाणारा हा आजार नाही, पण नीट शिकवलं तर मूल पुष्कळ पुढं जातं, असं ते समजावत होते. आमच्या कानांत फक्त 'जाणारा नाही' एवढंच राहिलं.

सोयगावकडं आमच्या गावात चारा उरला नव्हता. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन खानदेशात उतरले आणि आई आमच्याकडं आली. नातवाला थोडे दिवस पाहून ती बायकोला म्हणाली, "तू बोलतच नाय त्याच्याशी. मोबाईल देतीस हातात. आमची लेकरं मेंढरांमागं वाढली, एकबी असं निघालं नाय."

बायको दाराबाहेर जाऊन उभी राहायची, पुन्हा आत यायची, पुन्हा बाहेर जायची.

मग तिच्या मोबाईलवर एक मेसेज आला. गोवराच्या लसीनं मुलं अशी होतात, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या मुलाला दीड वर्षाचा डोस दिला होता आणि त्यानंतरच त्याचं बोलणं थांबलं होतं. बायकोनं तो मेसेज आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "व्हय, सुई टोचली अन् पोरगं गप झालं. मला आधीच वाटत होतं." त्यानंतर आईनं मोबाईलचं नाव काढलं नाही. सासू-सुना एकत्र बसून चहा पिऊ लागल्या.

चैन पडेना ते मला. मशीनवर उभा असलो तरी डोक्यात तेच. सुई देताना त्याला मांडीवर घट्ट धरलं होतं मीच. जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडायचो. एका ठिकाणी लिहिलेलं असायचं, लसीचा काही संबंध नाही. दुसऱ्या ठिकाणी असायचं, खरं लपवून ठेवतात. जे शेवटी वाचलं तेच खरं वाटायचं.

पुढं मुलगी झाली. सुरुवातीच्या लसी बायकोनं मन घट्ट करून दिल्या. मुलगी नऊ महिन्यांची झाली, तेव्हा आशाताई गोवराच्या लसीसाठी बोलवायला आली. बायकोनं अर्धवट उघडलेल्या दारातूनच सांगितलं, "तिला ताप आहे." ताप नव्हता. पुढच्या खेपेला सांगितलं, गावाला चाललोय.

आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर मोठी इमारत उठत होती. तिथल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत एका लेकराला गोवर निघाला. अंगभर पुरळ, डोळे लालभडक, मग छातीत कफ भरला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याची आई आमच्याच टँकरवर पाण्याला यायची. बायकोनं ऐन उन्हाळ्यात खिडक्या लावून घेतल्या.

"लागंल का हो हिला?" ती मला विचारायची.

"लस दिली तर बहुतेक नाय लागणार."

"अन् लस दिल्यावर ही बी तशीच झाली तर?"

शेवटी आम्ही शहरातल्या छावणी भागात गेलो. तिथं तिचं माहेर होतं आणि लहानपणापासून तिला ओळखणारे एक डॉक्टर होते. मुलाला तिच्या आईकडं ठेवलं आणि मुलीला घेऊन त्यांच्यापुढं बसलो.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटा, कितीतरी देशांत लाखो मुलांवर हे तपासून झालंय. लसीनं ऑटिझम होत नाही. ज्या वयात ही लस देतात, त्याच वयात आईबापांना हे दिसायला लागतं. म्हणून तसं वाटतं." मग त्यांनी विचारलं, "सुईच्या आधी हाक मारल्यावर तो बघायचा का?"

"बघायचा," बायको पटकन म्हणाली.

बाहेर आल्यावर रिक्षासाठी थांबलो. ती सारखी मुलीचं टोपरं नीट करत होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "नव्हता बघत."

"काय?"

"हाक मारली तर नव्हता बघत. सुईच्या लई आधीपासून. दूध पाजताना माझ्या तोंडाकडं कधी बघितलं नाय त्यानं, खिडकीच्या गजांकडं बघायचा. मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सुईनं नाय म्हटलं असतं तर तुमच्या आईनं पुन्हा माझ्यावरच आणलं असतं." ती रडली नाही. "तुम्ही बी गप बसायचे ना तेव्हा."

ते खरं होतं. रिक्षा आली, तिला मी हातानंच जा म्हटलं.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत लसीकरण होतं. या वेळी मुलीला तिनं स्वतः मांडीवर धरलं. पुढं मुलीला थोडा ताप येऊन गेला. पण बायकोची तगमग संपेना. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना ती मध्येच मुलीला हाक मारायची आणि मान वळते का बघायची. मुलगी दर वेळी वळायची. पुढं पुढं तर वैतागून ओरडायची. तरी महिनोन् महिने हे चालूच होतं. मीही कामावरून आलो की दारातून आधी मुलीलाच हाक मारायचो.

आईला मी एकदा बसवून सांगितलं, की सुईनं झालं नाही आणि सुनेमुळंही नाही. ती म्हणाली, "मग कुणामुळं?" मी म्हटलं, "कुणामुळंच नाय." हे तिला पटलं नाही. त्या वर्षी चांगला पाऊस पडल्यावर ती गावाकडं परतली आणि तिथं अजूनही सुईचंच सांगते. बायकोला मात्र ती पुन्हा काही बोलली नाही.

मुलगा आता माझ्या खांद्याला लागतो. विशेष मुलांच्या शाळेत जातो, बस चुकली तर दिवसभर येरझाऱ्या घालतो. बोलतो थोडंच. मुलगी अखंड बोलते आणि त्याच्या वाटचंही बोलून टाकते. आमच्या भागात आता नळ आहे, त्याला पाणी मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी.

मध्ये त्या शाळेच्या फाटकापाशी एका तरुण बाईनं बायकोला विचारलं, "ताई, तुम्ही धाकटीला सुई दिली होती का?" तिच्या कडेवर तान्हं होतं आणि ती एका जागी उभी राहत नव्हती. बायकोनं तिला पायरीवर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, खिडकीच्या गजांसकट. मी मोटारसायकल सुरू करून थांबलो होतो. ती मला म्हणाली, "बंद करा, वेळ लागंल."